त्याच्या वजनाला लावलेली गाडी

६ मार्च

काढली ताडपत्री. होळी झाली की काढीन असं स्वतःला सांगून ठेवलं होतं, म्हणून काढली.

आत काय असणार? क्वाड, चार जाड चाकांची हँडलवाली गाडी. ऑगस्टमध्ये जशी आणून लोटली तशीच. चिखल वाळून दगड झालाय, सायलेन्सरमध्ये गांधीलमाशांनी घर केलंय, मागच्या चाकात अजून वेलीचा तुकडा. मला वाटलं होतं काहीतरी होईल, छातीत धस्स वगैरे. काही झालं नाही. पाइप लावला आणि धुवायला घेतली.

आप्पा ओट्यावरून बघत होते. माझ्या सासऱ्यांची सवयच आहे, बोलायचं ते दुसरीकडे बघून बोलतात. "धुई काढ, नही ते भंगारवालाले दी टाक." मग जरा वेळाने कडुलिंबाकडे बघून — "पूरना पानीमा गाडी घाली त्यानी. मस्ती! दुसरं काय?"

ऑगस्टपासून हेच एक वाक्य. गावातही हेच. माझा नवरा भूपेश मोलगीकडच्या डोंगरात शर्यतीचा रस्ता पाहून यायला गेला, नाल्याला पूर होता, तरी गाडी घातली. दोन दिवसांनी गाडी खालच्या अंगाला उंबराच्या मुळ्यांत अडकलेली सापडली. भूपेश सापडला नाही. अजून नाही.

मीही तेच धरून चालते. घातली असेल. आधी राग यायचा. आता तोही येत नाही.

ती शर्यत २६ एप्रिलला आहे. सागवानातून, पायवाटांनी. जोडीची होती, दोन फेऱ्या त्याच्या, दोन माझ्या. काल क्लबवाल्यांचा फोन — ताई, तुमचं नाव ठेवायचं की काढायचं? म्हटलं, ठेवा, एकटीचं. का म्हटलं देव जाणे. हाताला काम पाहिजे बहुतेक.

७ मार्च

अजून चिखलच निघतोय.

११ मार्च

शहाद्याला सर्व्हिस सेंटरला कामावर गेले, चार ट्रॅक्टर दुरुस्त केले, परत आले. येताना स्टँडवरून बांबू घेतला.

बांबू म्हणजे सुरुपसिंगने मोलगीच्या बाजाराच्या जीपमधून पाठवलेला. भूपेशचा दोस्त, तिकडच्या पाड्यावरचा. शर्यतीची वाट त्यानेच आखलीय. त्याला फोनवर विचारलं होतं, झाडांमधून सगळ्यात अरुंद जागा किती? मी आपली इंचात उत्तराची वाट बघतेय आणि हा म्हणतो, "थांबा वहिनी, बांबू तोडून पाठवतो." दोन सागांच्या मध्ये आडवा धरला आणि बरोबर तेवढा तोडला! टेपपेक्षा बरा. जीपवाल्याने सहा प्रवाशांच्या मांडीवर आडवा ठेवून आणला म्हणे.

गाडीसमोर धरला. गाडी दोन्हीकडून वीतभर बाहेर. ही गाडी आम्ही तापीच्या वाळूसाठी बसवली होती. रुंद चाकं, रुंद एक्सल, म्हणजे वेगात वळताना उलटत नाही. जंगलात उलटं. तिथे वेग नाही, फट पाहिजे. मागच्या चाकांचे हब आत घ्यावे लागतील, पुढच्या चाकांना धरणारे लोखंडी हात आखूड करून घ्यावे लागतील. पुढचं दातेरी चक्र लहान घालायचं, म्हणजे हळू चालतानाही गाडी ओढेल. हँडलला लोखंडी गार्ड, नाहीतर पहिल्याच झाडाला बोटं जायची.

हे सगळं लिहायला बरं वाटतं. बरं म्हणजे काही वाटत नाही, ते बरं.

१५ मार्च

रविवार. पाय ठेवायच्या जागी जाळ्या बसवल्या. पाय घसरून मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून असतात.

भूपेश पायांच्या बाबतीत तसाही वेडा. तापी असो की घोट्याएवढा ओहोळ, पाण्यात पाऊल टाकायचं म्हटलं की आधी बूट काढणार, दोन्ही लेस एकमेकींना बांधून हँडलला अडकवणार, पाण्याला हात लावून कपाळाला लावणार, मग उतरणार. मी ओरडायचे — पुजारीबुवा, आवरा, संध्याकाळ होईल! सगळी आईंची शिकवण. सासूबाई प्रकाश्याच्या, तापीच्या काठच्या. नदीत पायातलं घालून उतरलेलं त्यांना पाहुण्याचंसुद्धा खपत नाही.

आई दुपारी शेडमध्ये आल्या. मी मागच्या स्प्रिंगला पाना लावत होते. त्याचं असं आहे, माणूस सीटवर बसला की गाडी किती दबते ते बघून स्प्रिंग लावतात. ही भूपेशच्या वजनाला लावलेली. तो बसला की गाडी कशी छान खाली यायची, बैठक मारल्यासारखी. मी बसते, हलतही नाही. एवढं सांगितलं आईंना. त्यांनी पाना माझ्या हातातून काढून खाली ठेवला.

"त्याना वजनले लायेल शे ना? तशीच ऱ्हाऊ दे. तो उना म्हंजे त्याले लागी."

आप्पा बाहेरून, गोठ्याकडे बघून — "आखाजीले घागर भरनी पडी."

"मी भरू देवाव नही! मन्हा पोऱ्या जित्ता शे."

झालं, सुरू. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरायची, आणि वर्षभरात कोणी गेलं असेल तर त्याची वेगळी. आप्पा म्हणतात भरायची. आई म्हणतात नाही. भरली की तो गेला. नाही भरली की तो आहे. माझं मत कोणी विचारत नाही, आणि विचारलं तर काय सांगू? परवा कोणाकडे तरी हळदीकुंकू होतं. त्या बाईंनी करंडा घेतला, माझ्यापर्यंत आल्या, आणि बोट तसंच हवेत. लावू की नको? मीच म्हटलं, राहू द्या काकू, हात दुखेल.

२२ मार्च

इंजिन उघडलं. आतापर्यंत टाळत होते, कारण आत काय निघणार ते ठाऊक होतं. चालू इंजिन पाण्यात गेलं की ते हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दबत नाही. पिस्टन जोरात वर येतो, अडतो आणि खालचा रॉड वाकतो. पावसाळ्यात पुरात घातलेल्या गाड्या येतात आमच्याकडे, त्यांचे रॉड केळ्यासारखे झालेले असतात.

गंज होता. पिस्टन चिकटला होता, ठोकून ठोकून काढला. रॉड सरळ.

पुन्हा मोजला. सरळ.

मग टाकीखाली हात घातला. पेट्रोलचा कॉक बंद. ही जुनी गाडी, कार्ब्युरेटर गळायचा, म्हणून भूपेश दोन मिनिटं जरी उतरला तरी कॉक बंद करायचा. बसला की चालू, उतरला की बंद. हात आपोआप जायचा त्याचा.

सुरुपसिंगला फोन लावला. गाडी पाण्यातून काढताना कोणी कॉकला हात लावला का?

"कॉक म्हंजे काय वहिनी? आम्ही दोर लावून ओढली फक्त."

म्हणजे पाणी आलं तेव्हा गाडी बंद होती. म्हणजे तो गाडीवर नव्हताच. उतरला होता. पुरात गाडी घातली नव्हती त्याने!

हे कळल्यावर मी काय केलं? हात धुतले, भाकरी टाकल्या.

२३ मार्च

आप्पांना सांगायला पाहिजे. आईंना सांगायला नको. एका घरात हे कसं जमायचं?

२५ मार्च

सांगितलं. जेवताना. दोघांनाही.

आप्पा घास तसाच धरून बसले. मग ताटातच हात धुतला आणि बाहेर गेले. बराच वेळ नळाचा आवाज येत होता.

आणि आई — आई हसल्या! ऑगस्टनंतर पहिल्यांदा. "उतरना व्हता ना तो? मंग मी काय सांगी ऱ्हायनू? निंघी गया व्हई कोठेतरी. डोकाले मार लागना व्हई, याद नसी राहत. गुजरातमा व्हई."

मी म्हटलं, आई, उतरला याचा अर्थ — खरंच, अर्थ काय? गाडीवरून उतरलेला माणूस कुठे गेला ते इंजिन सांगत नाही.

२९ मार्च

आईंनी त्याची खोली सारवून काढावी तशी घासली. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं, पोरगा गाडीवरून उतरला होता, सुनेने इंजिन खोलून पाहिलं. सुनेने! म्हणजे आता त्याच्या जिवंत असण्याची पावती माझ्या नावावर.

आप्पा रोज शेडमध्ये येतात. पाना मागितला की भलताच देतात. मी घेते आणि त्यांचं लक्ष नसताना दुसरा उचलते. आज सिलिंडर बोअर करून आला, नवा पिस्टन घातला. आप्पा टाकीवर हात ठेवून उभे. कडुलिंबाकडे बघून म्हणाले, "मंग मस्ती नव्हती."

"नव्हती आप्पा."

पुन्हा थोड्या वेळाने — "मी लई बोलनू त्याले."

घागरीचं नाव मात्र त्यांनी आता टाकलंय. आईंपुढे कोण काढणार?

४ एप्रिल

गाडी सुरू झाली! तिसऱ्या किकला. अख्खी गल्ली ओट्यावर. मला आनंद व्हायला हवा होता. झाला असेल.

शेताच्या बांधावरून, बाभळींमधून नेऊन पाहिली. रुंदी बरोबर, बांबू म्हणतो तेवढीच. टायरमधली हवा कमी ठेवली, मुळांवर पकड चांगली येते. पण स्प्रिंग! प्रत्येक खड्ड्याला गाडी मला वर फेकते. गाडीला वाटतंय अजून माणूस बसायचाच आहे. शेवटी तिसऱ्या बांधाला फेकलंच. मनगटाला बांधलेली स्विचची दोरी ओढली गेली, इंजिन बंद. कोपर सोललं.

आईंनी हळद लावली. काय झालं विचारलं. म्हटलं, माझं वजन कमी पडतं. स्प्रिंग सैल केल्याशिवाय —

गेल्या आत. आल्या त्या अर्धं पोतं ज्वारी डोक्यावर घेऊन! "तुन्हं वजन कमी पडस ना? मंग हाई बांध मांगे. गाडी बदलाडू नको."

मी बघतच राहिले. आप्पासुद्धा या वेळी सरळ आईंकडेच बघत होते. बांधलं पोतं सीटच्या मागे, करते काय! आणि खरं सांगते, गाडी दबली. अगदी तो बसल्यावर दबायची तेवढी.

८ एप्रिल

रजा टाकून मोलगीला गेले. गाडी पिकअपमध्ये घालून. सुरुपसिंगने पोतं पाहिलं. "वहिनी, बाजार करायला आल्या का?" म्हटलं, हसू नको, भूपेश आहे तो.

सागाची पानं सगळी खाली. चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या, गाडी बघून टोपल्या घेऊन बाजूला झाल्या. वाट छान आखलीय. दोन सागांच्या मधून गेले तेव्हा दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरली. पण पोतं वळणावर झुकतं आणि गाडी बाहेर ओढते. चढावर पुढची चाकं उचलतात. असं पोतं घेऊन शर्यत नाही व्हायची. मलाही कळतं, सुरुपसिंगलाही कळलं.

मग तो नाला. आता कोरडा ठणठणीत, नुसते गोटे. काठावर माझा हात आपोआप गेला, गाडी बंद केली, उतरले.

सुरुपसिंग म्हणाला, "भूपेशभाऊ पण असाच उतरायचा. मीच सांगितलेलं त्याला. डोंगरात पाणी आधी पायाने बघायचं. पलीकडे जाऊन यायचं, मग गाडी घालायची. इकडे ऊन असतं, वर पाऊस पडून जातो, कळत नाही."

मी म्हटलं, सुरुपसिंग, त्या दिवशी गाडीवर आणखी काही होतं का?

तो घराकडे चालायला लागला. मी मागे. त्याच्या आईने, रूपलीबाईने, माळ्यावर हात घालून मक्याच्या कणसांच्या मागून काढले.

बूट. त्याचे. दोन्ही लेस एकमेकींना बांधलेल्या.

"हँडलला गुंतले होते," सुरुपसिंग म्हणाला. "ओले होते म्हणून आईने माळ्यावर टाकले. मग तुमच्या सासूबाई आल्या, भूपेश येईल म्हणत होत्या. त्यांच्यापुढे कसे नेऊन ठेवू? आज नेऊ, उद्या नेऊ... राहून गेलं वहिनी."

रूपलीबाई त्यांच्या बोलीत काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही. हात मात्र माझ्या पाठीवर ठेवला होता.

बूट काढून, लेस बांधून, पाण्याला नमस्कार करून उतरला तो. पाणी बघायला. सगळं नीट केलं त्याने. आणि वरून पूर आला.

९ एप्रिल

बूट शेडमध्ये, हत्यारांच्या पेटीत. धुराचा वास येतो त्यांना. पिकअपमधून घेऊन येताना शेजारच्या सीटवर ठेवले होते. मी वेडी, वळणावर हाताने धरत होते.

या घरात हे फक्त मला माहीत आहे. आईंना दाखवले तर त्यांना एका नजरेत कळेल. मला कळलं त्याहून आधी कळेल, त्यांचंच शिकवलेलं आहे. नाही दाखवले तर त्या गुजरातची वाट बघत बसतील. किती वर्षं? आणि मी ज्वारीचं पोतं बांधून फिरू?

१३ एप्रिल

माझा भाऊ नवनीत आला. आखाजीला मुराळी म्हणून दरवर्षी येतो, बहिणीला माहेरी न्यायला. या वेळी लवकर आला, आणि त्याच्या गाडीत रिकाम्या दोन मोठ्या बॅगा. सणाला दोन बॅगा?

"ताई, चल आता. इथे काय आहे तुझं?"

आई पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. ऐकलं त्यांनी. नवनीतला पाणी दिलं, आत जाऊन त्याच्यासाठी शेवया टाकल्या. मला त्या पाठमोऱ्या दिसत होत्या. दोघी एकाच माणसाची वाट बघत होतो, निदान त्या तरी तसं समजतात. मी उठून गेले तर त्या एकट्याच बघत बसणार.

नवनीतला म्हटलं, शर्यत झाल्यावर बघू. तो म्हणाला, तू वेडी झालीस. असेन. तेवढं तरी काहीतरी झालेलं बरं.

१६ एप्रिल

दिले.

आई सुपात गहू घेऊन ओट्यावर बसल्या होत्या, सणाचे. मी पेटी उघडली, बूट घेतले, त्यांच्यासमोर ठेवले. म्हटलं, गाडीच्या हँडलला होते. सुरुपसिंगकडे होते. एवढंच.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. हात पदराला पुसले. बूट मांडीवर घेतले, लेसची गाठ बोटाने चाचपली. सोडली नाही.

"काढीसन उतरना."

"हो."

"नदीमा पायतन घालीसन उतरू नही. मीच शिकाडेल शे त्याले. एवढासा व्हता."

आप्पा दारात येऊन उभे राहिले होते. बुटांकडे बघत होते, सरळ, दुसरीकडे कुठे नाही. कोणी रडलं नाही. आईंनी बूट शेजारी ठेवले, सूप ओढलं आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या. मी पण बसले खडे काढायला. मला वाटलं, चूक केली मी. त्यांचं होतं तेवढं एकच, तेही घेतलं काढून.

१७ एप्रिल

आई बोलत नाहीत. बूट देवघराखाली आहेत.

१८ एप्रिल

क्लबला फोन करून नाव काढायला सांगणार होते. फोन हातात घेतला, ठेवला. पोतं गाडीवर तसंच बांधलेलं. चेनला तेल दिलं, दुसरं काही सुचेना म्हणून.

१९ एप्रिल, आखाजी

उठले तर आई घरात नव्हत्या. कुंभाराकडून आल्या, लाल घागर कडेवर. कोणाला हात लावू दिला नाही. स्वतः पाट मांडला, स्वतः भरली, वर छोटं मडकं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या. मग नाव घेतलं. "भूपेश भिला पाटील." मोठ्याने, शाळेत हजेरी घेतात तसं. आणि मी रडले. सगळ्यांसमोर, ओरडून रडले, आप्पांनी धरलं तरी थांबेना.

दुपारी आई शेडमध्ये आल्या. सीटमागची दोरी सोडली, ज्वारीचं पोतं उतरवून खाली ठेवलं. पाना शोधला, माझ्या हातात दिला.

"आते गाडी तुन्हा वजनले लाव."